पाय हलका ठेव : एका चार्जमध्ये लांब जाण्याची सव्वाशे वर्षांची गोष्ट

आपल्या इतिहासाच्या गप्पांमधला हा नवा भाग. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क दगा देतं, त्यांच्यासाठी हा लेखी उतारा. बोलताना जे जसं निघालं ते बरंचसं तसंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे इलेक्ट्रिक गाडी एका चार्जमध्ये जास्तीत जास्त लांब कशी न्यायची. तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा विषय कसा? हा तर युट्यूबवरच्या 'पाच टिप्स'चा विषय झाला. मलाही तसंच वाटायचं. पण मागच्या जानेवारीत एका पहाटे साताऱ्याच्या बाहेर, हायवेवरच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये मी बंद पडलेल्या चार्जरसमोर उभी होते. तेव्हा कळलं की हा प्रश्न माझ्या आधी सव्वाशे वर्षं लोकांना पडत आलाय. आणि त्याचं उत्तर माझ्या शेजारच्या सीटवर मफलर गुंडाळून बसलं होतं.

झालं असं. माझे मोठे चुलते, आबा, गेले. त्यांचा दहावा कराडला, कृष्णेच्या घाटावर, सकाळी साडेआठला. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा माझ्याकडे पुण्याला होते. पहाटे पाचला निघायचं ठरलं. गाडी रात्री सोसायटीत चार्जिंगला लावली आणि रात्री कधीतरी लाईट गेली. सकाळी बघते तर ७६ टक्के. म्हटलं, हरकत नाही, पुणे ते कराड साधारण १६५ किलोमीटर. वाटेत साताऱ्याला चहा पिऊ आणि तेवढ्यात थोडं चार्ज करू.

उशीर नको म्हणून मी गाडी शंभरच्या आसपास दामटली. थंडी होती म्हणून हीटर चालू. खंबाटकीचा घाटही तशाच जोरात चढले. साताऱ्याला पोचलो तेव्हा बॅटरी १८ टक्के. चार्जर बंद. ॲपमध्ये तो हिरवा दिसत होता, प्रत्यक्षात स्क्रीन काळी. दुसऱ्या चार्जरवर आधीच दोन गाड्या रांगेत. तिथे थांबलो असतो तर दहावा चुकला असता. गाडीचा डिस्प्ले सांगत होता, अजून ३६ किलोमीटर जाल. कराडचा घाट होता ५२ किलोमीटरवर.

मी रडकुंडीला आले होते. आपल्या सख्ख्या भावाच्या दहाव्याला माणूस पोचणार नाही, तेही माझ्या गाडीच्या हौसेपायी. अण्णा गाडीतून उतरले, त्या चार्जरकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "चल. पाय हलका ठेव. पोचतो आपण."

अण्णांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. ते असं का म्हणाले आणि पुढे काय झालं, ते शेवटी सांगते. आधी जरा मागे जाऊ. पार १८९९ सालात.

एक वेगाचा, एक अंतराचा

२९ एप्रिल १८९९. पॅरिसजवळचं आशेर. कामीय जेनात्झी नावाचा बेल्जियन माणूस टॉर्पेडोच्या आकाराच्या एका गाडीवर बसलाय. 'गाडीत' नाही म्हणत मी, 'गाडीवर', कारण त्याचं अर्धं अंग बाहेरच होतं. गाडीचं नाव 'ला जामे काँताँत', म्हणजे 'कधीच समाधानी नसणारी'. त्या दिवशी ती ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने धावली. ताशी शंभरचा आकडा ओलांडणारी माणसाची पहिली मोटारगाडी. आणि ती चालत होती बॅटरीवर.

आपल्याला वाटतं इलेक्ट्रिक गाडी म्हणजे काल-परवाची गोष्ट. १९०० साली अमेरिकेत साधारण ४,२०० गाड्या बनल्या. त्यातल्या १,५७५ इलेक्ट्रिक होत्या, पेट्रोलच्या फक्त ९३६. बाकीच्या वाफेवरच्या. म्हणजे तेव्हा पेट्रोल तिसऱ्या नंबरवर होतं!

जेनात्झीचा विक्रम सगळ्यांना माहीत असतो. पण मला जास्त आवडतो तो त्याच काळातला दुसरा फ्रेंच माणूस, लुई क्रिगर. १९०१ साली क्रिगर पॅरिसहून निघाला आणि शातेलरो नावाच्या गावापर्यंत गेला. ३०७ किलोमीटर, एका चार्जमध्ये. १९०१ मध्ये! आज आपल्याकडच्या कितीतरी गाड्या हायवेवर तेवढं जात नाहीत.

कसं जमलं त्याला? बॅटरी तर शिशाची. आज तुमच्या घरच्या इन्व्हर्टरला असते त्याच जातीची, जड आणि मठ्ठ. गुपित दोन गोष्टींत होतं. एक म्हणजे तो सावकाश गेला. आणि दुसरी म्हणजे ब्रेक.

क्रिगर १८९० च्या दशकात पॅरिसच्या घोडागाड्यांना पुढून विजेची मोटर जोडून त्यांच्या टॅक्सी बनवायचा. त्या मोटरला त्याने वायरींची एक जादा गुंडाळी दिली होती. गाडीचा वेग कमी करायचा झाला की तीच मोटर उलटं काम करायची, जनित्र व्हायची, आणि वीज परत बॅटरीत जायची. आज शोरूममधला सेल्समन तुम्हाला 'रीजनरेटिव्ह ब्रेकिंग' म्हणून कौतुकाने जे दाखवतो ना, ते हेच. घोडागाडीच्या काळातलं.

आणि ही कल्पना मेली नाही, ती रेल्वेत जगली. आपल्या मुंबईच्या नव्या लोकल ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडतात. दिल्ली मेट्रोने याच ब्रेकिंगच्या जोरावर संयुक्त राष्ट्रांकडे कार्बन क्रेडिटचा प्रकल्प नोंदवला, आणि तो जगातला रेल्वेचा असा पहिला प्रकल्प ठरला.

सावकाश गेलं की बॅटरी 'मोठी' होते

आता 'सावकाश गेला' या मुद्द्यावर येऊ. त्यात नुसतं हवेचं गणित नाहीये.

१८९७ साली विल्हेल्म पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने शिशाच्या बॅटरीबद्दल एक नियम मांडला. साध्या मराठीत सांगायचं तर, बॅटरीतून वीज घाईघाईने ओढली तर एकूण वीज कमी मिळते, हळूहळू ओढली तर जास्त मिळते. म्हणजे बघा, ऊस तोच, गुऱ्हाळ तेच, पण चरकात एकदम मोळी कोंबली तर रस कमी निघतो. बॅटरी तेवढीच असते, तुमचा पाय ठरवतो ती किती 'मोठी' आहे.

आजच्या लिथियम बॅटरीत हा परिणाम बराच कमी आहे, पण अगदी शून्य नाही. करंट दुप्पट झाला की तारांमध्ये आणि सेलमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती चौपट होते. म्हणून सिग्नल सुटल्यावर जो झटका मारून आपण शेजारच्या बाईकवाल्याला मागे टाकतो, त्या मजेची किंमत बॅटरी मोजते.

आणि मग हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात, तर वेग वाढला २५ टक्के, पण हवेचा विरोध वाढला ५६ टक्के. ८० वरून १२० वर गेलात तर तो सव्वादोन पट! पेट्रोलच्या गाडीतही हेच होतं बरं का, फक्त तिथे आपल्याला ते तितकं जाणवत नाही. पेट्रोल इंजिन मुळातच इंधनातली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर फेकतं, त्या गोंधळात हवेचा हिशेब झाकून जातो. इलेक्ट्रिक मोटर काटकसरी, ती फार कमी वाया घालवते. त्यामुळे जे काही वाया जातं ते आपणच घालवतो, आणि ते लगेच डिस्प्लेवर दिसतं.

आजीबाईंची गाडी आणि २११ मैल

अमेरिकेत डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची गाडी १९०७ पासून बनायला लागली. उंच काचांची, आत मखमली सीट, एखाद्या छोट्या दिवाणखान्यासारखी. स्टिअरिंगच्या चाकाऐवजी एक दांडा. वेग ताशी तीस-चाळीस किलोमीटर. शहरातल्या डॉक्टरांमध्ये आणि श्रीमंत घरच्या बायकांमध्ये ती लोकप्रिय होती, कारण ती सुरू करायला पुढे जाऊन हँडल फिरवावं लागत नसे. आणि गंमत ऐका: हेन्री फोर्डच्या बायकोकडे, क्लारा फोर्डकडे, हीच गाडी होती. नवरा जगाला पेट्रोलची मॉडेल टी विकतोय आणि बायको स्वतः इलेक्ट्रिक फिरवतेय!

या गाडीची रेंज कंपनी सांगायची ८० मैल, म्हणजे साधारण १३० किलोमीटर. पण एका चाचणीत ती एका चार्जवर २११.३ मैल गेली. म्हणजे ३४० किलोमीटर! गाडी एकच आणि आकडे दोन. अशा फरकात चालवण्याचाही वाटा असतो.

हे मी मुद्दाम सांगतेय. आज आपण कंपनीने छापलेली रेंज आणि प्रत्यक्षातली रेंज यावरून भांडतो ना, ते भांडण शंभर वर्षं जुनं आहे. फक्त तेव्हा फरक उलट्या दिशेनेही निघू शकत होता.

मग या गाड्या गेल्या कुठे? १९०८ मध्ये मॉडेल टी आली, स्वस्त. १९१२ मध्ये कॅडिलॅकने गाडीत विजेचा स्टार्टर बसवला, म्हणजे हँडल फिरवायची कटकट संपली. टेक्सासमध्ये तेल निघालं होतं, शहरांबाहेर रस्ते होत होते, आणि पेट्रोल डब्यात भरून कुठेही नेता येत होतं. वीज मात्र शहराच्या वेशीवर थांबायची. हळूहळू इलेक्ट्रिक गाडी बाजारातून उठली.

आणि तिच्याबरोबर एक सवयही उठली. 'माझ्याकडे मोजकीच ऊर्जा आहे, ती पुरवून वापरायची आहे' ही सवय. पेट्रोलवाल्याला ती लागत नव्हती. संपलं की पंपावर जा, पाच मिनिटांत टाकी फुल्ल.

तुटवडा आला की पाय हलका होतो

पण ती सवय पूर्ण मेली नाही. जेव्हा जेव्हा तुटवडा आला तेव्हा तेव्हा ती परत आली.

१९४२. अमेरिका युद्धात. रबर आणि पेट्रोल वाचवायला अख्ख्या देशात वेगमर्यादा लावली, ताशी ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर. आपल्याकडे त्याच काळात पेट्रोलला रेशन आणि मागे कोळशाच्या गॅसची भट्टी लावून चालणाऱ्या मोटारी. तुमच्या पणजोबांना विचारता आलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, चढावर सगळे उतरून ढकलायचे म्हणून.

१९७३. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. जर्मनीत रविवारी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी. अमेरिकेत १९७४ च्या जानेवारीत ५५ मैलांच्या वेगमर्यादेचा कायदा. आणि दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. तो फोटो तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी आलाच असेल.

त्या धक्क्यानंतर आपल्याकडे सरकारने इंधन बचतीसाठी एक संस्था उभी केली, पीसीआरए, म्हणजे पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन. साल १९७८. या लोकांनी ठिकठिकाणच्या सरकारी बस महामंडळांच्या ड्रायव्हरना इंधन वाचवण्याचं प्रशिक्षण दिलं.

आणि इथे आमचे अण्णा गोष्टीत येतात.

एसटीत एक शब्द आहे, केपीटीएल. किलोमीटर पर टेन लिटर. दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली. आपण लिटरमागे मोजतो, एसटी दहा लिटरमागे मोजते, कारण तिथे दशांशातला फरकसुद्धा महत्त्वाचा. हजारो गाड्या रोज धावतात. एका ड्रायव्हरच्या पायाने दहा लिटरमागे दोन किलोमीटर वाढले तर वर्षाचा हिशेब काय होईल, तुम्हीच करून बघा. अण्णा सांगतात, त्यांच्या डेपोत ज्याचं केपीटीएल चांगलं त्याचं नाव फळ्यावर यायचं, आणि ज्याचं वाईट त्याला साहेब बोलवून घ्यायचे. लहानपणी मला वाटायचं की ही काहीतरी परीक्षा आहे आणि अण्णा त्यात पास होतात.

त्यांचे नियम मला पाठ होते, पण मी ते कधी 'ज्ञान' म्हणून बघितलेच नव्हते. 'पुढच्या गाडीकडं बघू नगं, तिच्या पुढच्या गाडीकडं बघ.' 'ब्रेक दाबलास म्हंजे डिझेल जाळून कमावलेला वेग भंगारात घातलास.' आणि सगळ्यात मोठा: 'ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर.' उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायचा मोह भल्याभल्यांना होतो. अण्णा म्हणायचे, ते वाचवणं नाही, मरणं आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि घाटाच्या मध्यावर तापलेला ब्रेक लागत नाही. शिवाय आजच्या गाड्यांत त्याने बचतही होत नाही. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिनाला जाणारं इंधन आपोआप बंद होतं.

चंद्रावरची रेंजची चिंता

आता एक मिनिट चंद्रावर जाऊन येऊ. खरंच.

१९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर गाडी चालवली. ती अर्थातच इलेक्ट्रिक होती, तिथे पेट्रोल जाळायला हवा कुठली! बॅटरी एकदाच वापरायची, चार्जिंगची सोय नाही. गाडीची क्षमता होती साधारण ९० किलोमीटर. पण एक नियम ठरलेला: यानापासून इतकंच लांब जायचं की गाडी बंद पडली तर ऑक्सिजन संपायच्या आत चालत परत येता येईल. १९७२ च्या अपोलो १७ मध्ये गाडी एकूण ३६ किलोमीटरच्या आसपास फिरली, पण यानापासून सगळ्यात लांब गेली ती साडेसात किलोमीटरच्या जरा पुढे.

मला हे फार आवडतं. बॅटरी किती उरली हा अर्धाच प्रश्न असतो. गाडी थांबली तर पुढे काय, हा दुसरा अर्धा. चंद्रावर त्याचं उत्तर आधी ठरवलं होतं. मी साताऱ्याच्या आधी ते ठरवलंच नव्हतं.

शब्द नंतर आला

१९९६ मध्ये जनरल मोटर्सने ईव्ही-१ नावाची इलेक्ट्रिक गाडी आणली, आणि १९९७ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या एका व्यापारविषयक पत्रात त्या गाडीच्या चालकांबद्दल लिहिताना 'रेंज अँक्झायटी' हा शब्द छापून आला. भीती शंभर वर्षं जुनी, नाव तेव्हाचं.

आपल्याकडे २००१ मध्ये बंगळुरूची रेवा आली. चेतन मैनींची. छोटीशी, शिशाच्या बॅटरीची, एका चार्जमध्ये ८० किलोमीटरच्या आसपास. ती पुढे लंडनच्या रस्त्यांवरही धावली. क्रिगरच्या शंभर वर्षांनंतर बॅटरी पुन्हा शिशाचीच, आणि पुन्हा पायावर भिस्त.

२००८ मध्ये पेट्रोल महागलं तेव्हा अमेरिकेत 'हायपरमायलिंग' हा शब्द इतका गाजला की ऑक्सफर्डच्या अमेरिकन कोशाने त्याला त्या वर्षीचा शब्द ठरवलं. म्हणजे काय, तर इंधनाच्या थेंबाथेंबातून जास्तीत जास्त अंतर काढणं. त्यात काही लोक वेडेपणाही करायचे. हवा अडावी म्हणून ट्रकच्या अगदी मागे चिकटून गाडी चालवणं, वगैरे. ते करू नका. ट्रकवाल्याने ब्रेक मारला की वाचवलेली वीज घेऊन तुम्ही ट्रकखाली.

मग २०१७. इटलीतल्या टेस्ला मालकांच्या एका गटाने मॉडेल एस गाडी एका चार्जवर १,०७८ किलोमीटर नेली. आळीपाळीने चालवत, एसी बंद, वेग ताशी ४० च्या आसपास. २९ तास लागले. गाडीची अधिकृत रेंज होती त्याच्या जवळपास निम्मी. आठवतं का काही? डेट्रॉइट इलेक्ट्रिक! १३० ची ३४०. गोष्ट तीच, फक्त बॅटरी बदलली.

आणि २०२२ मध्ये मर्सिडीजची प्रायोगिक गाडी ईक्यूएक्सएक्स जर्मनीहून इंग्लंडला सिल्व्हरस्टोनपर्यंत एका चार्जवर गेली, १,२०२ किलोमीटर. ती रांगत गेली नाही, नेहमीच्या रहदारीत गेली. तिथे गाडीचा आकारच असा की हवा अडत नाही. म्हणजे एक वाट इंजिनिअरची आणि एक वाट ड्रायव्हरची. इंजिनिअरची वाट आपल्या हातात नसते.

सातारा ते कराड

तर, परत साताऱ्याला. सकाळचे पावणेसात. १८ टक्के, डिस्प्लेवर ३६ किलोमीटर, समोर ५२.

अण्णांनी पहिल्यांदा हीटर बंद करायला लावला. पेट्रोल गाडीत हीटर जवळजवळ फुकट असतो, इंजिनाची वाया जाणारी उष्णताच आत येते. इलेक्ट्रिक गाडीत तो बॅटरी खातो. अण्णांनी स्वतःची शाल माझ्या मांडीवर टाकली.

दुसरं, डावी लेन आणि वेग पन्नास-पंचावन्न. मागून ट्रक हॉर्न देत होते. मला लाज वाटत होती. अण्णा म्हणाले, "वाजवू दे. त्येंचं डिझेल, त्येंचा हॉर्न."

तिसरं, त्यांनी मला पुढचं बघायला लावलं. पार पुढे ट्रॅक्टर दिसला की मी सवयीने जवळ जाऊन ब्रेक मारायचे. ते म्हणायचे, "आत्ताच पाय काढ." आपल्याला वाटतं, ब्रेक मारला तरी वीज परत येते, मग काय बिघडलं? बिघडतं. ऊर्जा बॅटरीतून चाकाला जाताना थोडी कटते आणि चाकाकडून बॅटरीत येताना पुन्हा कटते. शंभर रुपये दिले आणि साठ-सत्तर परत आले असं समजा. ब्रेक मारावा लागला तर ते साठ-सत्तर सोडू नयेत हे खरं, पण ब्रेक मारायची वेळच आली नाही तर पूर्ण शंभर खिशात राहतात. अण्णांनी रीजनरेटिव्ह हा शब्द कधी ऐकला नव्हता. त्यांना 'भंगारात घातलास' एवढंच माहीत होतं, आणि तेवढं पुरलं.

आणि चौथं. हे मला कुठल्याही ॲपने सांगितलं नसतं. नागठाण्याच्या अलीकडे मी म्हणाले, "अण्णा, डिस्प्ले अजूनही कमीच दाखवतोय." ते म्हणाले, "पोरी, कृष्णा कुठनं कुठं वाहती?"

मी म्हणाले, "वाईकडून कराडकडे."

"मग? पाणी चढावर जातंय व्हय?"

मंडळी, मी गाडी चालवता चालवता गप्प झाले. खरं होतं. रस्ता मध्ये मध्ये चढतो, पण नदीच्या दिशेनेच जातो. घरी आल्यावर मी मोजलं. सातारा शहर कराडपेक्षा साधारण पावणेदोनशे मीटर उंचावर आहे. सोळाशे किलोची गाडी तेवढी खाली आली की पाऊण युनिट वीज वाचते. त्या वेगाला पाऊण युनिट म्हणजे सहा-सात किलोमीटर. गाडीचा डिस्प्ले अंदाज करत होता माझ्या मागच्या चालवण्यावरून, शंभरच्या वेगावरून आणि खंबाटकीच्या चढावरून. अण्णा अंदाज करत होते पुढच्या रस्त्यावरून.

उंब्रजला १० टक्के. पण आता डिस्प्लेवरचे किलोमीटर कमी व्हायच्या ऐवजी तसेच थबकले होते, कारण गाडीलाही कळत होतं की ही बाई आता वेगळी चालवतेय. तासवड्याचा टोलनाका गेला. कराडच्या पुलाखालची गर्दी, स्कूल बस, भाजीचे टेम्पो. मी एकदाही जोरात ब्रेक मारला नाही. घाटावर पोचलो तेव्हा ३ टक्के. आठ वाजून चार मिनिटं.

अण्णा उतरले, चप्पल काढली आणि काही न बोलता घाटाच्या पायऱ्या उतरून गेले. साडेआठला पिंड ठेवले. आमचे आबा फटकळ. जिवंतपणी कुणाला पाच मिनिटं वाट बघू द्यायचे नाहीत. कावळा लगेच शिवला. चुलतभाऊ म्हणाला, "आण्णाची वाट बघत थांबलं हुतं म्हातारं." मी गाडीच्या चावीकडे बघत राहिले.

मग एका भाचीच्या घरी साध्या प्लगला गाडी लावली. दुपारभर जेवणं झाली, रडणं झालं, आणि संध्याकाळपर्यंत जेमतेम परत साताऱ्याच्या पुढे जाता येईल एवढी बॅटरी भरली. परतीच्या वाटेवर चढ असणार, हे आता मला कुणी सांगायला नको होतं.

जाता जाता

तुम्ही रोज पन्नास किलोमीटर ऑफिसला जात असाल तर यातलं काहीच करायची गरज नाही. रात्री गाडी लावा, सकाळी निघा, थंडीत हीटर खुशाल चालवा. आणि एक्सप्रेसवेवर उजव्या लेनमध्ये चाळीसने जाऊन कुणाचा जीवही धोक्यात घालू नका. पण लांबच्या वाटेला निघाल तेव्हा टायरमधली हवा निघण्याआधी बघा. हायवेवर शंभरऐवजी ऐंशी ठेवा. लांबचा सिग्नल लाल दिसला की तिथेच पाय काढा. घाट चढताना जे गेलं त्यातलं बरंचसं उतरताना परत येणार आहे, म्हणून घाबरू नका. आणि चार्जर बंद निघाला तर काय, हे घरून निघतानाच ठरवा.

क्रिगरने हे १९०१ मध्ये केलं. डेट्रॉइटच्या त्या उंच काचांच्या गाडीत कुणीतरी हे केलं. एसटीच्या डेपोतल्या फळ्यावर ज्यांची नावं खडूने लिहिली आणि महिनाअखेर पुसली गेली, त्यांनी हे रोज केलं. त्यांच्यावर कुणी व्हिडिओ बनवला नाही.

तुमच्या घरात, गल्लीत असा कुणी एसटीचा, ट्रकचा, रिक्षाचा जुना ड्रायव्हर असेल, तर त्याला एकदा शेजारच्या सीटवर बसवून फिरवून आणा. आणि तो काय म्हणाला ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एका भागात फक्त तेच ऐकवू.

तोपर्यंत, पाय हलका ठेवा. भेटू पुढच्या भागात.